पंडिता रमाबाई : श्रद्धा, सत्कर्म आणि मुक्ती

१

मुक्ती, मोक्ष, तारण, उद्धार हे शब्द मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला पदोपदी भेटतात. ते आपण बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून वापरतो आणि पुढे जातो. परंतु या प्रत्येक शब्दामागे माणसाचा उद्धार कोण करतो, कशाच्या बळावर करतो आणि त्यात माणसाच्या स्वतःच्या कृतीला कितपत स्थान आहे, या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे दडलेली आहेत. आर्णीसारख्या गावी हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहत नाही. येथे बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यावर निरनिराळ्या धर्मांची माणसे श्रद्धेने जातात. येथून माहूरकडे जाणाऱ्या वाटेने रेणुकेचे आणि दत्ताचे भक्त जातात, तसेच माहूर हे ज्यांच्या दृष्टीने पवित्र स्थान आहे असे महानुभावही जातात. नवस बोलणारा आणि नवस फेडणारा, उपवास करणारा आणि केवळ दयेची याचना करणारा, असे सर्व प्रकारचे भाविक एकाच वाटेवर दिसतात. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या यवतमाळला १९५३ पासून सुमारे तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था होती आणि १९८३ मध्ये ती पुण्यास गेली, ही गोष्टही या परिसराच्या धार्मिक इतिहासात नोंदविण्यासारखी आहे.

ख्रिस्ती धर्मविचारात हा प्रश्न श्रद्धा आणि सत्कर्म यांच्या संबंधाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. मराठीत तो ज्यांनी केवळ मांडला नाही, तर आयुष्यभर जगून पाहिला, अशा व्यक्तींमध्ये पंडिता रमाबाई यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांच्या चरित्राची मांडणी आजवर प्रामुख्याने समाजसुधारणेच्या आणि स्त्रीमुक्तीच्या अंगाने झाली आहे. ती योग्यच आहे. परंतु ज्या बाईने आपल्या संस्थेला ‘मुक्ती’ हे नाव दिले, तिला मुक्ती या शब्दाने नेमके काय अभिप्रेत होते, हा प्रश्न त्या मांडणीत काहीसा मागे पडतो. प्रस्तुत लेखात रमाबाईंचे जीवन त्या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान वैष्णव ब्राह्मण होते. स्त्रियांना संस्कृत शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे त्यांचे मत होते आणि त्या मतापायी त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना. अशा रीतीने रमाबाईंची विद्या मातेकडून आली, ही त्या काळी अपूर्व अशी घटना होय.

या कुटुंबाचे जीवन म्हणजे अखंड तीर्थयात्रा होती. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर निर्वाह करावा, उरलेले दानधर्मात खर्चावे आणि पुढच्या क्षेत्री जावे, असा त्यांचा क्रम होता. स्नान, जप, उपवास, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजन यांत कुटुंबाने कसूर केली नाही. पुण्याचा संचय होईल आणि त्या पुण्याचे फळ मिळेल, ही दृढ श्रद्धा त्यामागे होती. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नव्हती, भिक्षा मागण्याची लाज वाटत होती. देव प्रसन्न होऊन द्रव्य देईल या आशेने अनुष्ठाने चालूच राहिली. अखेर वडील, आई आणि थोरली बहीण असे तिघे काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू पावले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास तेवढे मागे राहिले.

या घटनेचे रमाबाईंच्या विचारावर झालेले परिणाम दूरगामी होते. बंधुभगिनींनी त्यानंतर काही वर्षे पायी प्रवास करीत उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. एका सरोवरातील तरंगत्या डोंगरांची हकीकत त्यांनी पुढे सांगितली आहे. निष्पाप यात्रेकरूकडे हे डोंगर आपण होऊन चालत येतात, अशी तेथे समजूत होती. श्रीनिवासांनी पाण्यात शिरून जवळून पाहिले, तेव्हा ते मातीने आणि झाडाझुडपांनी झाकलेले तराफे असून त्यांची हालचाल पुजारी घडवून आणतात, असे त्यांच्या ध्यानात आले. आपल्या निष्पापपणाचा निर्वाळा बाहेरच्या चमत्काराने मिळवावा, ही अपेक्षाच त्या क्षणी ढासळली. पुण्यकर्मांच्या हिशेबावरील रमाबाईंचा विश्वास येथे उडाला, असे म्हणता येईल. मात्र एका हिशेबावरचा विश्वास उडणे आणि दुसरा आधार सापडणे यांत पुष्कळ वर्षांचे अंतर होते.

३

१८७८ मध्ये हे दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बंगालमध्ये स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला. ब्राह्म समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास उद्युक्त केले. या वाचनाचा परिणाम अपेक्षेहून वेगळा झाला. धर्मशास्त्रे, पुराणे आणि इतिहासग्रंथ यांची पुष्कळ बाबतींत एकवाक्यता नाही, परंतु स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा थेट अधिकार नाकारण्याच्या बाबतीत मात्र ती आहे, असे त्यांना दिसून आले. स्त्रीने पतीला देव मानून त्याची सेवा करावी आणि पुढील जन्मी उच्च वर्णाच्या पुरुषाचा देह मिळण्याची वाट पाहावी, एवढाच मार्ग तिला उरतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. संतपरंपरेने स्त्रीशूद्रांना भक्तीचे दार खुले केले होते, हे आपण जाणतो. परंतु रमाबाईंचे शिक्षण शास्त्री घराण्यातील असल्यामुळे त्यांच्यापुढे प्रमाण होते ते संस्कृत ग्रंथांचे. मराठी संतांचा वारसा त्यांच्या धर्मचिंतनाच्या घडणीत ठळकपणे दिसत नाही. रमाबाईंच्या पुढील वाटचालीचा उलगडा करताना ही बाब नजरेआड करता येत नाही.

१८८० मध्ये श्रीनिवासांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मणेतर असल्याने हा विवाह दोन्ही बाजूंना मानवला नाही. १६ एप्रिल १८८१ रोजी कन्या मनोरमा जन्मास आली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबिहारींचे पटकीने निधन झाले. पतीच्या हयातीतच आसामकडील वास्तव्यात रमाबाईंच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली होती आणि एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगितला होता. पतीला पत्नीचे हे कुतूहल रुचले नव्हते.

विधवा होऊन रमाबाई पुण्यास आल्या. १ जून १८८२ रोजी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. पुण्यातच त्यांचा परिचय वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाशी, तसेच फादर नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी झाला. गोऱ्हे हे षड्दर्शनांचे खंडन करणारे काशीतील पंडित होते. १८४८ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. एका पंडिताने दुसऱ्या पंडितेशी शास्त्राच्या भाषेत बोलावे, असा हा संवाद होता. रमाबाईंचे बौद्धिक समाधान करण्यात गोऱ्ह्यांच्या लेखनाचा वाटा मोठा होता.

४

१८८३ मध्ये रमाबाई वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनमधील फुलहॅम येथे भगिनीसंघ चालवीत असलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची भगिनी प्रेमाने सेवाशुश्रूषा करीत होत्या. अशा स्त्रियांची कणव येणे हे धर्माचे अंग असू शकते, हा अनुभव त्यांना सर्वस्वी नवा होता. यामागील प्रेरणा कोणती, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे ओढून नेले ते सत्कर्माने. परंतु ज्या धर्मात त्यांनी प्रवेश केला, त्याच्या इतिहासात सत्कर्माचे स्थान हाच सर्वांत मोठ्या वादाचा विषय होऊन गेला होता. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत माणूस नियमशास्त्रातील कृत्यांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो असे प्रतिपादिले. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव ठरविला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने पौलाच्या वचनांवर भर देऊन केवळ श्रद्धेने तारण हा सिद्धान्त मांडला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) आरंभ कृपेनेच होतो हे मान्य करून, कृपेने समर्थ झालेल्या माणसाच्या सहकार्याला आणि सत्कर्मांना तारणाच्या प्रक्रियेत स्थान दिले. इंग्लंडच्या चर्चने श्रद्धेचा सिद्धान्त स्वीकारून सत्कर्म हे श्रद्धेचे फळ मानले. तथापि १८३३ नंतरच्या ऑक्सफर्ड चळवळीने संस्कारविधी, चर्चची परंपरा आणि आज्ञापालन यांना पुन्हा महत्त्व दिले. वाँटेजचा भगिनीसंघ या प्रवाहातील होता.

आपल्याकडेही या वादाला समांतर असा विचार झालेला आहे. रामानुजांच्या अनुयायांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष पडले. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, त्याला आई तोंडात धरून नेते. जीवाने ईश्वराला धरावयाचे, की ईश्वराने उचलावे म्हणून निश्चिंत राहावयाचे, हा त्यातील प्रश्न. महानुभाव पंथातही मोक्षदान परमेश्वराच्याच कृपेवर अवलंबून मानले आहे आणि तरीही कठोर आचारधर्म सांगितला आहे. त्यामुळे वैष्णव शास्त्र्याच्या कन्येला हा प्रश्न मुळातच परका असण्याचे कारण नव्हते.

चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात असताना रमाबाईंचा सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रकाशित झाला. त्यातून दिसणारी रमाबाई ही आज्ञाधारक नवधर्मिणी नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, अथानेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, चर्चचा अधिकार अशा प्रत्येक बाबीवर तिने शंका घेतली. शाकाहाराचा आग्रह तिने सोडला नाही. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. रमाबाईंना मात्र एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून सुटून दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या अधिकारात जाणे मान्य नव्हते. आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करावयाची नाही, हा त्यांचा निश्चय होता. तो समजून घेतला नाही, तर पुढील १८९१ चा अनुभव केवळ भावनिक उमाळा वाटण्याचा संभव आहे.

५

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षांच्या अर्थसाहाय्याची हमी मिळाली. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. संस्थेचे धोरण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे होते आणि सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांसारखी मंडळी होती. सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, हे सर्वश्रुत आहे.

बाहेरून पाहता हा काळ रमाबाईंच्या यशाचा होता. परंतु आपल्या अंतर्यामी समाधान नाही, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे होत आली होती. प्रार्थना चालू होती, सेवाकार्य तर रात्रंदिवस चालू होते. १८९१ च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचले. धर्मगुरू म्हणून काम करीत असताना, स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात आपण अद्याप ख्रिस्ताचे झालो नाही हे ज्याला कळले, अशा माणसाची ती हकीकत होती. रमाबाईंना स्वतःच्या स्थितीचा उलगडा झाला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्ताला मात्र स्वीकारले नाही; बाप्तिस्मा, पश्चात्ताप आणि सेवा यांच्या बळावर आपण तारण मिळवू पाहत होतो, असे त्यांना जाणवले. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हा अनुभव सविस्तर सांगितला आहे.

या अनुभवाचा अर्थ लावताना त्यांचे बालपण आठवणे अगत्याचे आहे. देवळादेवळांतून पुण्य साठविणारे आणि तरी उपाशी मेलेले आपले कुटुंब त्यांनी पाहिले होते. ख्रिस्ती झाल्यावर पुण्याची साधने बदलली होती, हिशेब मात्र तोच राहिला होता. १८९१ मध्ये तो हिशेबच त्यांनी मिटविला. तारण ही कमाई नसून देणगी आहे. ती आताच आणि याच जन्मी मिळते. आणि तिच्यासाठी स्त्रीला पुरुषदेहाची वाट पाहावी लागत नाही, या तीन गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकमेकींत गुंतलेल्या होत्या. कमाईचा मार्ग ज्यांना मुळातच बंद होता, अशा बालविधवेला, परित्यक्तेला, कलंकिनी ठरविलेल्या स्त्रीला देणगीचा सिद्धान्त किती दिलासा देणारा होता, हे वेगळे सांगावयास नको.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नव्या उत्साहाने भारलेल्या रमाबाई घरात मोकळ्या दाराने प्रार्थना करू लागल्या आणि मुली त्यांच्यामध्ये येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी सक्ती केली नाही, हे खरे. पण जिच्या आश्रयावर मुलीचे अन्नवस्त्र अवलंबून आहे, तिची श्रद्धा त्या मुलीच्या दृष्टीने केवळ खाजगी राहू शकते काय, हा प्रश्न सल्लागारांपुढे होता आणि तो अनाठायी नव्हता. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ मध्येच ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा अंतर्विरोध स्पष्ट करतात.

६

केवळ श्रद्धेवर भिस्त ठेवणारा माणूस कर्माविषयी उदासीन होईल, हा या सिद्धान्तावरील जुना आक्षेप आहे. रमाबाईंचे पुढील आयुष्य त्याचे उत्तर ठरले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. बालपणी स्वतः दुष्काळ भोगलेल्या बाईला त्या उपाशी चेहऱ्यांत काय दिसले असेल, याची कल्पना करता येते. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पूर्वी घेतलेल्या जमिनीवर वसाहत उभी राहिली. तिला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. १८९९ मध्ये कुमार्गाला लावल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला पाहिलेल्या आश्रयगृहाचेच हे मराठी रूप होय. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. शेती, गोपालन, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रिया स्वतः करू लागल्या. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्यात आली.

अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. त्यानंतर रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथगृहांचा आदर्श ठेवला. ठराविक उत्पन्नाची हमी न मागता प्रार्थना करावी आणि जे येईल त्यावर काम चालवावे, अशी ती रीत. श्रद्धेचा सिद्धान्त त्यांनी अशा रीतीने संस्थेच्या जमाखर्चातही उतरविला. त्याचबरोबर प्रत्येक मुलीने श्रमाचे काम शिकलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. ज्या कुटुंबाला अंगमेहनत ठाऊक नसल्यामुळे उपासमार घडली, त्या कुटुंबातील मुलीने हा दंडक घालावा, यात मोठा अर्थ आहे. श्रम हे मुक्तीचे मोल नव्हते. मुक्त झालेल्या माणसाचे ते स्वाभाविक वर्तन होते.

जून १९०५ मध्ये मुक्तीसदनात धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट उसळली. अश्रू, मोठ्याने केलेल्या सामुदायिक प्रार्थना, अनोळखी भाषांतील उद्गार यांमुळे सुशिक्षित वर्गाला, काही ख्रिस्ती मंडळींनाही, ती विक्षिप्त वाटली. तर्ककठोर पंडितेने याला वाव कसा दिला, असा प्रश्न अभ्यासकांना पडतो. आपल्या मुलींची प्रार्थना पाश्चात्त्य वळणाचीच असावी असा आग्रह त्यांनी धरला नाही, इतके निश्चित म्हणता येते.

७

मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील सर्वांत महत्त्वाचे कार्य म्हणजे बायबलचे भाषांतर. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. प्रचलित मराठी बायबलची भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, आणि तिच्यातील पुष्कळ संस्कृत शब्द आपल्यासोबत जुन्या दर्शनांच्या कल्पना घेऊन येतात, असे त्यांचे दोन आक्षेप होते. ज्या स्त्रीची विद्वत्ताच संस्कृतवर उभी होती, तिने आपल्या वाचकांसाठी संस्कृत बाजूला ठेवावी, हा त्याग लहान नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी याच्या नेमकी उलट दिशा घेतली. त्यांनी अभंग, ओवी आणि संतांची परिभाषा ख्रिस्तभक्तीसाठी वापरली. टिळकांना मराठी परंपरा हा पूल वाटला; रमाबाईंना त्याच पुलावरून जुना हिशेब परत येईल अशी धास्ती वाटली.

आणि तरीही आपल्या संस्थेला नाव देताना त्यांनी ‘मुक्ती’ हाच शब्द निवडला. भाषांतरात ज्या परिभाषेला त्या नकार देत होत्या, तिच्यातील सर्वांत भारलेला शब्द त्यांनी केडगावच्या कमानीखाली आणला. याला विसंगती म्हणता येईल. माझ्या मते तो एक दावा होता. जो शब्द स्त्रियांना शास्त्राने नाकारला असे त्यांचे मत होते, तोच त्यांनी निराश्रित स्त्रियांच्या वसाहतीला बहाल केला. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा त्याचा अर्थ मागे पडला आणि पाप, उपासमार, वैधव्याचा कलंक यांतून एकाच वेळी सुटका असा अर्थ त्याला प्राप्त झाला. मराठी शब्दाच्या अर्थविस्ताराचे असे उदाहरण विरळाच.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा निवर्तली. संस्थेची सूत्रे जिच्या हाती सोपवावयाची, ती कन्याच गेली. प्रकृती खालावली असतानाही रमाबाई बायबलच्या मुद्रितशोधनात अखेरच्या दिवसांपर्यंत गढून गेल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. भाषांतराचा संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्ती छापखान्यातून बाहेर पडला.

श्रद्धा आणि कृती यांच्या वादात रोमन कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे संयुक्त निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या. तारण कृपेने आणि ख्रिस्तावरील विश्वासाने होते व सत्कर्मे त्यातून उद्भवतात, यावर तेथे मूलभूत सहमती झाली. केडगावच्या माळावर एक मराठी बाई त्याच निष्कर्षापर्यंत शंभर वर्षे आधी आणि वेगळ्या वाटेने आली होती. तिची वाट दोन दुष्काळांमधून गेली होती. पहिल्या दुष्काळात पुण्याचा संचय उपयोगी पडला नाही. दुसऱ्या दुष्काळात तिने पुण्याची अपेक्षा न ठेवता ताटे वाढली. रमाबाईंच्या धर्मविचाराचे मर्म या दोन प्रसंगांच्या दरम्यान शोधले पाहिजे. त्यांचे धर्मांतर मान्य असो वा नसो, मराठी धर्मवाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांच्या ‘मुक्ती’ या शब्दाला वळसा घालून पुढे जाता येणार नाही.